मराठी ग्रंथालयाचे संकेतस्थळ नव्याने करताना वाचकाची सोय कशी पाहावी?

ग्रंथसेवक, रावपुरा, बडोदे

नमस्कार. बडोद्यातील एका जुन्या मराठी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत मी आहे. ग्रंथालयाचे संकेतस्थळ नव्याने करून घेण्याचे काम यंदा माझ्याकडे सोपवण्यात आले आहे. माझे आयुष्य शिक्षकी पेशात गेले, त्यामुळे व्यावसायिकाशी बोलताना नेमके काय मागायचे आणि कशाला नकार द्यायचा, हे मला आधी समजून घ्यायचे आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्या किंवा ग्रंथालये चालवणाऱ्या मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सध्याचे संकेतस्थळ उघडले की कार्यक्रमांची छायाचित्रे एकामागून एक सरकत राहतात. त्यांच्याखाली अध्यक्षांचे मनोगत, संस्थेचा इतिहास आणि माजी पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आहेत. वेळापत्रक 'संपर्क' या पानावर अगदी तळाशी आहे. ग्रंथसूची पीडीएफच्या रूपात चढवलेली आहे आणि ती युनिकोडपूर्व काळातील, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत रूढ होण्याआधीच्या, एका फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली असल्यामुळे तिच्यात काहीही शोधता येत नाही. परिणामी सभासद फोन करतात. आज ग्रंथालय उघडे आहे का, अमुक पुस्तक आले का, वर्गणी किती, दिवाळी अंकांची योजना कधीपासून, हेच प्रश्न दिवसभर येत राहतात, आणि आमच्या ग्रंथपाल बाईंना काउंटरवरच्या वाचकाला थांबवून फोन घ्यावा लागतो.

आमच्या सभासदांपैकी बरेच जण साठी ओलांडलेले आहेत. त्यांची नातवंडे घरी मराठी बोलतात, परंतु त्यांचे शिक्षण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात झालेले आहे. जवळजवळ सगळेच संकेतस्थळ मोबाइलवर पाहतात. कार्यकारिणीत दोन मते आहेत. काहींना संस्थेच्या परंपरेला साजेसे भव्य मुखपृष्ठ हवे आहे, तर काहींना वाटते की सभासदाला हवे ते चटकन सापडले म्हणजे पुरे. आरंभ कोठून करावा, भाषा कोणती ठेवावी, वयस्कर वाचकांसाठी अक्षर आणि रंग यांचा विचार कसा करावा, आणि केलेले काम खरोखर सोपे झाले आहे हे कसे पारखावे, याविषयी आपले अनुभव वाचायला आवडतील.

मांडणीकार, इंदूर

नमस्कार ग्रंथसेवकजी. आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आलेले आहे. ग्रंथपाल बाईंना येणारे फोन हीच आपल्या मुखपृष्ठाची रूपरेषा आहे. व्यावसायिकाला बोलावण्याआधी काउंटरवरच्या फोनशेजारी एक वही ठेवा आणि येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवायला सांगा. पंधरवड्यात पुरेसे चित्र समोर येईल. जे प्रश्न वारंवार येतात त्यांची उत्तरे मोबाइलवर बोट न सरकवता दिसली पाहिजेत. आज ग्रंथालय किती ते किती उघडे आहे, साप्ताहिक सुट्टी कोणती, पुस्तक शोधण्याची चौकट, वर्गणी, आणि दाबताच फोन लागेल असा क्रमांक, एवढे वरच्या भागात बसते. त्याखाली आगामी कार्यक्रम येऊ द्यावा.

सरकत्या छायाचित्रांबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण कार्यकारिणीत याच मुद्द्यावर सर्वाधिक वेळ जातो. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेची सुगम्यतेची, म्हणजे अपंगांसह सर्वांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ज्यांना या व्यवसायात सगळे डब्ल्यूसीएजी म्हणतात. आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ चालणारी हालचाल वाचकाला थांबवता आली पाहिजे, ही त्यांतील अगदी प्राथमिक पातळीची अट आहे. सावकाश वाचणाऱ्या माणसाची ओळ पुरी होण्याआधी चित्र बदलते, हे त्यामागचे साधे कारण आहे. दुसरा तोटा मी स्वतः जवळून पाहिला आहे. इंदुरातील एका संस्थेच्या संकेतस्थळाची चाचणी घेताना एका आजींना व्याख्यानमालेचे वेळापत्रक शोधायला सांगितले होते. मुखपृष्ठावरच्या छायाचित्राने मोबाइलचा पडदा काठोकाठ भरलेला होता. त्यांनी ते चित्र नीट पाहिले, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "इथे फोटोच आहे, बाकी काही नाही." पान खाली चालू राहते याची एकही खूण त्यांच्या नजरेस पडलेली नव्हती. नंतर त्यांनी गडद चौकटीतले एक शीर्षक पुन्हा पुन्हा दाबून पाहिले, कारण ते बटणासारखे दिसत होते. आणि खरे बटण मात्र साध्या मजकुरासारखे दिसत असल्याने त्यांनी त्याला हातही लावला नाही. चित्राची उंची इतकी कमी ठेवावी की त्याखालच्या मजकुराची पहिली ओळ डोकावत राहील, आणि दाबण्याजोगे जे असेल ते सर्वत्र एकाच रूपात असावे.

केलेले काम पारखण्याचा मार्गही हाच. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेले मत या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे, की पाच जणांना प्रत्यक्ष वापरायला देऊन पाहिले तरी बहुतेक ठळक अडचणी उघड होतात, आणि त्या दुरुस्त करून पुन्हा पाच जणांकडून पाहून घेणे हे एकाच वेळी मोठी चाचणी घेण्यापेक्षा फलदायी ठरते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात सभासदाच्या शेजारी बसावे, मोबाइल शक्यतो त्यांचाच असावा, आणि एखादे काम सांगावे, उदाहरणार्थ, "आपल्याला नातवासाठी बालसाहित्याचे एखादे पुस्तक हवे आहे, ते आज मिळेल का ते पाहा." मनात जे येईल ते मोठ्याने बोलायला सांगावे आणि आपण गप्प बसावे. हे गप्प बसणे फार कठीण असते. माणूस अडला की आपला हात आपोआप पुढे जातो, पण तो अडला ती जागाच आपल्याला हवी असते. चाचणी संकेतस्थळाची आहे, आपली नव्हे, हे त्यांना आधी मनापासून सांगा. नाहीतर वयस्कर मंडळी अडचण लपवतात आणि "छान आहे" म्हणून मोकळी होतात. "कसे वाटले?" हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी आहे.

परंपरेचा आग्रह धरणाऱ्या सदस्यांचे म्हणणेही मला गैर वाटत नाही. बडोद्यात ग्रंथालयाचा इतिहास सांगायचा नाही तर कोठे सांगायचा? सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला आरंभ केला, आणि पेट्यांत भरलेली फिरती वाचनालये खेड्यापाड्यांपर्यंत पोचवली. आपल्या संस्थेच्या इतिहासासाठी 'ग्रंथालयाविषयी' असे स्वतंत्र पान करा, त्यावर जुनी छायाचित्रे नावनिशीवार द्या, आणि ते पान जीव ओतून लिहा. ज्याला ते वाचायचे आहे तो निवांत वाचील. वेळ पाहायला आलेल्या सभासदाची वाट मात्र त्याने अडू नये.

अक्षरजुळणी, बडोदे

मी मुद्रणाच्या व्यवसायात आहे आणि गेली काही वर्षे देवनागरी मजकुराची संकेतस्थळांसाठी मांडणी करते. संकेतस्थळांचे बहुतेक तयार साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. त्यांत मराठी मजकूर तसाच ओतला की अडचणी सुरू होतात, आणि व्यावसायिकाला मराठी वाचता येत नसेल तर त्या त्याला दिसतही नाहीत. म्हणून हा भाग करारात लिहूनच घ्यावा.

पहिली गोष्ट ओळींमधील अंतराची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, आणि खाली उकार. रोमन अक्षरांसाठी पुरेसे ठरणारे अंतर येथे अपुरे पडते, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट आणि शक्य असल्यास पावणेदोनपट अंतर ठेवावे. बटणांना ठरावीक उंची देऊन टाकली की 'वर्गणी' शब्दातला रफार किंवा 'पुस्तके' मधला उकार कापला जातो; तेव्हा उंची मजकुरानुसार वाढू द्यावी. अक्षरांमध्ये कृत्रिम अंतर सोडण्याची जी फॅशन साच्यांमध्ये असते, ती देवनागरीसाठी पूर्णपणे बंद करावी, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. तिरपा ठसाही टाळावा. अक्षराचा आकार मोबाइलवर १८ पिक्सेलपासून सुरू करा. रोमनमध्ये १६ वर जे वाचता येते ते देवनागरीत जोडाक्षरांमुळे बारीक वाटते. वाचकाने स्वतः अक्षर दुप्पट मोठे केले तरी मजकूर एकमेकांवर चढता कामा नये, ही तर डब्ल्यूसीएजीचीच अट आहे, आणि मोबाइलमध्ये अक्षर मोठे करून ठेवलेले सभासद आपल्याकडे भरपूर असणार.

फॉन्ट मुक्त परवान्याखाली उत्तम मिळतात. 'एक टाइप' या मुंबईच्या अक्षररचनाकारांच्या गटाचा 'मुक्त' आणि गूगलचा 'नोटो सान्स देवनागरी' हे दोन्ही मजकुरासाठी चांगले आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते, म्हणून दोनच वजने घ्यावीत, साधे आणि ठळक. फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर अदृश्य राहू नये, मोबाइलमधल्या फॉन्टमध्ये तो लगेच दिसावा, अशी व्यवस्था करता येते आणि ती मागून घ्यावी. पानाची भाषा मराठी आहे हे पानामागच्या संगणकीय संकेतात (कोडमध्ये) नोंदवणेही आवश्यक आहे. ते केले आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठी वळणाची दिसतात. नाहीतर हिंदी वळणाची येतात आणि आपल्या ज्येष्ठ वाचकांना ते खटकते. मला तर फारच खटकते.

रंगांविषयी एक मोजमाप लक्षात ठेवा. साध्या मजकुराचा आणि त्यामागच्या पार्श्वभूमीचा उजळपणा यांचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे आणि मोठ्या ठळक शीर्षकांसाठी किमान ३ : १, असे डब्ल्यूसीएजी सांगते. मराठी संस्थांना केशरी रंग प्रिय असतो. संगणकावर नेहमी वापरली जाणारी केशरी छटा पांढऱ्यावर घेतली तर हे गुणोत्तर साधारण २.१ भरते. म्हणजे केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे किंवा पांढऱ्या पानावर केशरी अक्षरे, दोन्ही मोतीबिंदू असलेल्या वाचकाला जवळजवळ दिसत नाहीत. केशरी पट्टीवर गडद तपकिरी किंवा काळी अक्षरे घ्या, म्हणजे रंगही राहतो आणि मजकूरही.

अलकापुरी, बडोदे

मी पूर्णतः दृष्टिहीन वाचक आहे. संगणकावर एनव्हीडीए आणि मोबाइलवर टॉकबॅक हे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणाली, वापरते. दोन्हींसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, त्यामुळे व्यावसायिकाने काम सोपवण्याआधी ते सुरू करून एकदा संपूर्ण संकेतस्थळ कानांनी वाचून पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा अडथळा चित्ररूप सूचनांचा आहे. संस्था कार्यक्रमाचे सुंदर पत्रक तयार करतात आणि त्याचे चित्र पानावर लावतात. तारीख, वेळ, वक्ते, सारे त्या चित्रातच असते. माझा पडदावाचक तेथे फक्त "चित्र" असे म्हणतो आणि पुढे जातो. पत्रक अवश्य लावा, पण त्यातला मजकूर त्याखाली टंकलिखितही करा. स्कॅन केलेल्या पीडीएफची गत तीच होते.

दुसरे शीर्षकांविषयी. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, मी शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारत जाते. शीर्षक केवळ ठळक आणि मोठे दिसून चालत नाही, ते शीर्षक आहे असे संकेतात नोंदवलेले असावे लागते. तसेच दुव्यांचे. मी अनेकदा पानावरील सर्व दुव्यांची यादी ऐकते, आणि त्या यादीत "येथे क्लिक करा" हेच शब्द ओळीने ऐकू येतात. 'सभासदत्वाचा अर्ज' किंवा 'या महिन्यात आलेली पुस्तके' असे नाव दुव्याला दिले तर ते मलाही उपयोगी पडते आणि घाईत असलेल्या डोळस सभासदालाही.

अक्षरजुळणी ताईंनी भाषेच्या नोंदीचा मुद्दा मांडला, त्याला माझी जोड. पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असेल तर मराठी मजकूर परक्या उच्चारात ऐकू येतो किंवा चक्क वगळला जातो. पानात गुजराती परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाची भाषा वेगळी नोंदवता येते, आणि मग आवाज त्या ठिकाणी बदलतो.

ग्रंथसेवक, रावपुरा, बडोदे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. फोनशेजारी वही आजच ठेवली. अलकापुरी ताई, आपल्या सोयीच्या दिवशी ग्रंथालयात येऊन चाचणीत भाग घ्याल का? तसे झाल्यास मोठीच मदत होईल.

आता दोन शंका उरतात. सूचीत शोध घेण्याची सोय करायची तर जुन्या फॉन्टमधल्या नोंदींचे काय करावे, आणि सभासद शुद्धलेखनाकडे लक्ष न देता काहीही टंकतील तेव्हा पुस्तक सापडेल का? दुसरी शंका भाषेची, जिच्यावर अद्याप कोणी लिहिलेले नाही. काही सदस्यांचे म्हणणे आहे की तरुणांसाठी संपूर्ण संकेतस्थळ गुजराती आणि इंग्रजीतही असावे.

सूचिकार, ग्वाल्हेर

मराठी ग्रंथांच्या सूचीकरणाचे काम मी ग्वाल्हेरात करतो, म्हणून पहिल्या शंकेपुरते लिहितो. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने उपलब्ध आहेत आणि ती बरेचसे काम बरोबर करतात. परंतु रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि अर्धी अक्षरे येथे ती हमखास घसरतात, त्यामुळे प्रत्येक नोंद माणसाच्या नजरेखालून जायलाच हवी. ग्रंथनामे आणि लेखकनामे आधी तपासा, प्रकाशकांच्या नोंदी सवडीने करा. सूचीसाठी नवे काही घडवून घेण्याची आवश्यकता नाही. 'कोहा' ही ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रथम वापरात आली, ती युनिकोड चालवते आणि वाचकांसाठीचे शोधपानही तिच्यासोबतच मिळते.

शोधाची खरी मेख मात्र अशी आहे की डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे शब्द संगणकाच्या लेखी वेगळे असू शकतात. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' दोन रीतींनी टंकता येतो; एका रीतीत नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात, तर दुसरीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे उमटतात, पण एका रीतीने नोंदवलेले पुस्तक दुसऱ्या रीतीने शोधले तर सापडत नाही. 'ॲ' या अक्षराचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्याही अनेक नोंदींत ते 'अ' वर अर्धचंद्र देऊन लिहिलेले आढळते. त्यात 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' असे लेखनभेद मिसळतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाची गफलत तर सर्रास होते.

यावर उपाय आहे आणि तो व्यावसायिकाला स्पष्ट सांगितला पाहिजे. शोधण्यापूर्वी सूचीतील शब्द आणि वाचकाने टंकलेला शब्द, दोन्ही एका समान रूपात आणावेत. म्हणजे सर्व दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व मानावेत, अनुस्वार आणि पंचमवर्ण एक मानावेत, अदृश्य चिन्हे गाळावीत, टिंबे आणि मोकळ्या जागा दुर्लक्षाव्यात. लेखकांची आद्याक्षरे कोणी टिंब देऊन टंकतो, कोणी न देता, कोणी जोडून. तिन्ही चालली पाहिजेत. वाचकाला पडद्यावर दाखवताना मात्र शुद्ध रूपच दाखवावे. शिवाय प्रत्येक ग्रंथनामाचे रोमन लिपीतील एक रूप मागे साठवून ठेवा, कारण आपली नातवंडे मोबाइलवर मराठी शब्द रोमन अक्षरांतच टंकणार, आणि थोरांपैकीही कितीतरी जण तेच करतात.

शोधाच्या निकालात पुस्तक आत्ता ग्रंथालयात आहे की वाचकाकडे गेले आहे, हे नावाच्याच ओळीत दिसू द्या. काहीच न सापडल्यास कोरे पान दाखवू नये. 'हे पुस्तक सूचीत मिळाले नाही, ग्रंथपालांना कळवा' असे बटण द्यावे. त्या विनंत्या साठवल्या तर पुढच्या खरेदीची यादी त्यांतूनच तयार होईल.

सयाजीगंज, बडोदे

भाषेविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. मी याच शहरात वाढलो, शाळा गुजराती माध्यमाची, घरात मराठी. माझ्यासारख्यांना देवनागरी वाचता येते, कारण शाळेत हिंदी होतीच. आम्हाला अवघड जाते ती कार्यालयीन मराठी. 'सभासदत्वाच्या नूतनीकरणार्थ विहित नमुन्यातील अर्ज सादर करावा' हे वाक्य गुजरातीत करून दिल्याने सोपे होणार नाही. 'वर्गणी भरा' एवढे मराठीत लिहिले तर मला, माझ्या आईला आणि माझ्या मुलीलाही कळेल. संपूर्ण संकेतस्थळ तीन भाषांत केले तर वेळापत्रक बदलताना तीन जागी बदलावे लागेल आणि त्यांतली एक जागा राहून जाणारच. म्हणून सर्व मजकूर साध्या मराठीत ठेवावा, आणि गुजराती व इंग्रजीत एकेकच पान करावे, ज्यावर पत्ता, सभासद होण्याची रीत आणि मुलांसाठीचे उपक्रम असतील, पण वेळ मात्र मूळ पानावरूनच आपोआप उचलली जाईल. त्या पानांकडे नेणारे दुवे 'ગુજરાતી' असे त्या त्या लिपीतच लिहावेत, झेंड्यांची चित्रे वापरू नयेत.

मांडणीकार दादांनी पाच जणांच्या चाचणीचा उल्लेख केला. तो योग्यच आहे, पण कार्यकारिणी ज्यांना बोलावील ते पाचही जण नेहमीचे, ग्रंथालयाची शिस्त आणि भाषा अंगवळणी पडलेले सभासद असण्याची शक्यता आहे. वापरणाऱ्यांचे गट अगदी भिन्न असतील तर प्रत्येक गटातून वेगळी माणसे घ्यावीत, असे नील्सन यांनीही त्याच लेखात सांगितले आहे. येथे ज्येष्ठ सभासद, गुजराती माध्यमातली तरुण मुले, आणि आजवर कधीही ग्रंथालयाची पायरी न चढलेले लोक, असे किमान तीन गट दिसतात. तिसऱ्या गटाला मुळीच वगळू नका. अनामत म्हणजे काय आणि ती परत मिळते का, हे जुना सभासद कधीच विचारणार नाही.

अर्जाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. कागदी अर्जातल्या सगळ्या चौकटी जशाच्या तशा पडद्यावर आणू नका. जन्मतारीख, व्यवसाय, आधार क्रमांक यांतले खरोखर काय लागते ते ठरवा. न लागणारी माहिती मागितली की ती जपण्याचे ओझेही आपल्यावर येते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही कारणापुरतीच माहिती घेण्याकडे आहे. चौकटीचे नाव चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहू नये, टंकायला लागताच ते नाहीसे होते आणि माणूस गोंधळतो. ते वरच्या बाजूला कायम असावे. मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत टंकला तरी स्वीकारला जावा. आमच्या घरात आईच्या फोनचा कळफलक मराठी आहे आणि एका अर्जाने तिचा क्रमांक "अवैध" म्हणून पुन्हा पुन्हा परत पाठवला. काय अवैध आहे ते काही सांगितले नाही, आणि दरवेळी आधी भरलेली सगळी माहितीही पुसून टाकली. तिने अर्ज सोडून दिला. चूक कोणती आणि ती कशी सुधारायची हे त्या चौकटीपाशीच लिहिलेले असावे, आणि बाकीचा मजकूर जिथल्या तिथे राहावा.

मांडणीकार, इंदूर

सयाजीगंज यांचे गटांविषयीचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि भाषेचा तोडगाही.

ग्रंथसेवकजी, करार करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्या, की वेळापत्रक आणि सूचना बदलण्याचे काम रोज कोण करणार. माझ्या मते ते ग्रंथपाल बाईंच्या हाती असावे आणि त्यांना ते काउंटरवर बसून, मोबाइलवरून, कोणाच्याही मदतीविना करता आले पाहिजे. म्हणून व्यावसायिकाकडून वाचकांसाठीच्या पानांइतकीच ही आतली पानेही तपासून घ्या, आणि पहिली चाचणी बाईंचीच घ्या. गणेशोत्सवात ग्रंथालयाची वेळ बदलते असे समजा. ती बदलून, अमुक तारखेनंतर आपोआप पूर्ववत होईल अशी नोंद करायला त्यांना सांगा. त्यासाठी त्यांना व्यावसायिकाला फोन करावा लागला, तर अंतिम हप्ता थांबवून ठेवा.